पिंप, पेला आणि पब : स्कॉटलंडच्या लोकजीवनाचा एक अभ्यास

लेखाचे शीर्षक वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात मद्यालयावर लेख, आणि तोही एका विद्यार्थिनीने लिहिलेला! परंतु एखाद्या समाजाच्या देवळांचा, शाळांचा, बाजारांचा अभ्यास होतो, तसा तेथील कष्टकरी माणूस संध्याकाळी जेथे जाऊन बसतो त्या जागेचाही व्हावयास हवा. आमच्या घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे ‘दारू’ हा शब्द निघतो तो भांडणात, नाहीतर रडण्यात. त्यामुळे याच दारूभोवती एका देशाने कारागिरी, कायदा आणि शिष्टाचार उभा केला आहे, हे वाचनात आले तेव्हा कुतूहल वाटले आणि शंकाही आली. त्या दोहोंचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सार्वजनिक घर

‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’ या जोडशब्दाचा संक्षेप. त्याचा सरळ अर्थ ‘सार्वजनिक घर’. पुण्या-मुंबईत पब म्हटले की कर्कश संगीत आणि रंगीत दिवे डोळ्यांपुढे येतात. स्कॉटलंडचा जुना पब तसा नव्हे. तेथे लाकडी, लांबलचक काउंटर असतो. त्याच्यामागे बाटल्यांची उंच, कोरीव मांडणी असते. तिला तेथे ‘गँट्री’ म्हणतात. थंडीच्या दिवसांत कोठे कोठे शेकोटीही पेटलेली असते. एडिंबरोच्या ‘कॅफे रॉयल’ या जुन्या पबात तर भिंतीवर चिनी मातीच्या रंगीत फरशांवर काढलेली मोठी चित्रे आहेत, आणि ती राजेरजवाड्यांची नसून जेम्स वॉट, मायकेल फॅरडे अशा संशोधकांची आहेत. पेला हातात घेणाऱ्यासमोर वाफेच्या यंत्राचा कारागीर उभा आहे, ही कल्पनाच मोठी मौजेची वाटते.

एकाच धान्याची दोन लेकरे

या पबात दोन पेयांना मान आहे : एल आणि व्हिस्की. दोन्हींची आई एकच, ती म्हणजे जव. जव पाण्यात भिजवून त्याला मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसेच. मोड आले की दाण्यातील पिठूळ भागाची साखर होण्याची तयारी होते. मग ते दाणे वाळवून भरडतात आणि गरम पाण्यात कालवून गोड रस काढतात. येथून पुढे दोन भावंडांच्या वाटा वेगळ्या होतात.

एल करावयाची असल्यास त्या रसात हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून तो आंबवतात. ही एल पिंपात भरल्यावरही तिच्यातील यीस्ट जिवंत असते व पिंपातच ती पुन्हा थोडी आंबते. ज्या पिंपात पिकली त्याच पिंपातून, बाहेरून वायू न भरता, जी वाढली जाते तिलाच ‘रिअल एल’ म्हणजे खरी एल असे नाव आहे. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर एल मावते. ते पिंप तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानात आडवे ठेवतात. वरच्या भोकात लाकडी खुंटी ठोकून आतला जादा वायू हळूहळू जाऊ देतात आणि गाळ तळाशी बसला की तोटी सोडतात. एकदा हवा लागली की ही एल तीन-चार दिवसांत संपवावी लागते, नाहीतर आंबट होते. म्हणजे निम्मे श्रेय मद्य बनविणाऱ्याचे असले, तर निम्मे पबच्या तळघरात राबणाऱ्याचे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या कंपन्यांना ही उस्तवार नकोशी झाली. गाळून, तापवून निर्जीव केलेली आणि कार्बन वायूच्या दाबाने चढविलेली बिअर सर्वत्र येऊ लागली. तेव्हा १९७१ साली आयर्लंडच्या सहलीवर असलेल्या चार इंग्रज तरुणांनी खऱ्या एलच्या बचावासाठी ‘कॅम्रा’ ही संघटना काढली. आज तिचे लाखाहून अधिक सभासद आहेत. सामान्य गिऱ्हाईक संघटित झाले तर कारखानदारालाही विचार करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. तरीही सगळेच वाचले असे नाही. एडिंबरोतील १८६९ सालची कॅलेडोनियन ब्रुअरी २०२२ मध्ये बंद पडली.

स्कॉटलंडच्या एलची एक गंमत तिच्या नावात आहे. साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग अशी ही नावे एकोणिसाव्या शतकातील पिंपाच्या भावावरून पडली. जितके शिलिंग अधिक तितकी एल कडक. १९७१ साली ब्रिटनच्या हिशेबातून शिलिंग गेला, परंतु पबात तो अजून टिकून आहे. इंग्लंडात हातपंपाने एल वर ओढतात. स्कॉटलंडात मात्र पिंपात हवेचा दाब देऊन ती उंच पितळी तोटीतून काढण्याची जुनी रीत होती, आणि काही पबांनी ती जतन केली आहे.

दुसरे भावंड व्हिस्की. तिच्यासाठी त्याच रसात हॉपची फुले न घालता तो आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यांतून साधारणतः दोनदा ऊर्ध्वपातन करतात. आपल्या बोलीत सांगावयाचे तर गाळतात. तिचे नाव गेलिक भाषेतील ‘जीवनाचे पाणी’ या अर्थाच्या शब्दावरून आले. १४९४ सालच्या राजदरबारी हिशेबात एका साधूला असे पाणी करण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. आज स्कॉच म्हणवून घ्यावयाचे तर ते मद्य स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, निदान तीन वर्षे मुरले पाहिजे, आणि बाटलीत त्यात निदान ४० टक्के मद्यार्क असला पाहिजे, असा कायदा आहे. मुरण्याच्या सक्तीची सुरुवात १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, दारूला आळा घालण्याच्या धोरणातून झाली. आळा घालावयास गेलेला नियम पुढे प्रतीची हमी ठरला! पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला तेथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मद्यात साखर कारखान्याच्या मळीचा मद्यार्क असतो. तो माल तिकडे ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाही.

पबातील रीतभात

पबात गेलेल्या माणसाने टेबलाशी बसून हाक मारावयाची नसते. काउंटरवर जावे, आपली पाळी ओळखावी, मागणी करावी, पैसे तेथेच द्यावे. चौघे मित्र असतील तर एकेकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेले आणावयाचे. आपली पाळी चुकविणाऱ्याची पत जाते. व्हिस्कीबरोबर पाण्याचा छोटा तांब्या असतो. दोन थेंब पाणी घातल्याने वास खुलतो असे जाणकार मानतात. अर्धा पाइंट एल आणि सोबत व्हिस्कीचा लहान पेला, ही ‘हाफ अँड हाफ’ नावाची जोडी म्हणजे तेथील कामगाराची जुनी आवड. शेवटी घंटा वाजते; त्यानंतर नवी मागणी नाही.

माप हा तर कायद्याचाच विषय आहे. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. व्हिस्की २५ किंवा ३५ मिलिलिटर मापाने द्यावयाची आणि कोणते माप चालते याची पाटी लावावयाची. थोडक्यात, मापात पाप नाही. वयाची अट तेथे १८ वर्षे आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षे पूर्ण लागतात. प्रस्तुत लेखिकेचे वय १९ असल्याने तिचा हा अभ्यास सर्वार्थाने कोरडाच आहे.

घर कोणाचे?

येथवरचे चित्र सुरेख आहे. परंतु ‘सार्वजनिक’ हा शब्द नीट पारखून घेतला पाहिजे. रॉबर्ट बर्न्स या कवीची ‘टॅम ओ’ शँटर’ (१७९१) ही प्रसिद्ध कविता बाजाराच्या दिवशी पिण्यात रमलेल्या शेतकऱ्याची आहे. त्याची बायको घरी संतापून वाट पाहत असते. त्या रात्रीची सारी गंमत टॅमच्या वाट्याला येते. ॲबर्डीनमधील ‘द ग्रिल’ या नामांकित पबात १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा होईपर्यंत स्त्रियांना मद्य दिले जात नसे, आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह तेथे १९९८ साली झाले. म्हणजे घर सार्वजनिक, पण निम्म्या समाजाला दार बंद!

दारूचे दुष्परिणाम स्कॉटिश समाजानेही पुष्कळ भोगले. १८५३ च्या कायद्याने पब रात्री अकराला आणि रविवारी पूर्ण बंद ठेवण्याचे ठरले. १९१३ च्या कायद्याने तर गावालाच मतदान करून दारूचे परवाने बंद करण्याचा अधिकार दिला. १९२० पासून अशी मतदाने होऊ लागली, आणि १९१८ साली काही अटींवर मताधिकार मिळालेल्या स्त्रियाही त्यात होत्या. उत्तरेकडील विक हे मासेमारीचे बंदर १९२२ ते १९४७ अशी पंचवीस वर्षे कोरडे राहिले.

हे वाचताना मला आपल्याकडील ‘आडवी बाटली’ची आठवण झाली नसती तरच नवल. आमच्या गावात दुकान बंद करण्यासाठी अर्ज झाला, तेव्हा माझ्या आईने अंगठा न उठविता आयुष्यातली पहिली सही केली ती त्या कागदावर. आडव्या बाटलीला मते पडली, दुकानाला कुलूप लागले. ओढ्याकाठची हातभट्टी मात्र चालूच राहिली. तेथे माप नाही, पाटी नाही, घंटा नाही, आणि कोणाचे नावही नाही.

स्कॉटलंडला हा पेच वेगळ्या रूपाने पडला. पब रात्री दहाला बंद होत, म्हणून माणसे शेवटच्या घटकेला घाईघाईने पीत. डॉ. क्रिस्टोफर क्लेसन यांच्या समितीने १९७३ साली वेळा सैल करण्याची शिफारस केली आणि १९७६ चा कायदा त्या दिशेने झाला. पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. आज तेथील बहुतांश मद्य दुकानातून विकत घेऊन घरी प्यायले जाते आणि मद्यामुळे दरवर्षी हजाराहून अधिक माणसे मरतात. म्हणून २०१८ साली तेथील सरकारने मद्याला किमान भाव बांधून दिला : मद्यार्काच्या दर एककास ५० पेन्स. २०२४ मध्ये तो ६५ पेन्स झाला. स्वस्त दारू महाग करणे, हा त्यामागचा हेतू.

सारांश, बंदी, सवलत आणि भाव या तिन्ही वाटा त्या देशाने चालून पाहिल्या. एकीनेही तो मुक्कामी पोहोचलेला नाही. तरीही चांगला पब आपल्याला काही शिकवितो. तेथे विकणाऱ्याचे नाव परवान्यावर असते, पेला मोजलेला असतो, दिवा लागलेला असतो आणि शेजारी ओळखीचा माणूस बसलेला असतो. पिणाऱ्यावर समाजाचा डोळा राहतो. हातभट्टीच्या अंधारात आणि घराच्या बंद दारामागे तो राहत नाही. दारू चांगली की वाईट, हा वाद आपण वक्तृत्वस्पर्धेत पुष्कळ घालतो. ती कोठे, किती आणि कोणाच्या देखत प्यायली जाते, आणि तिची किंमत घरात कोण मोजते, हे प्रश्नही आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात यावेत, एवढीच माझी विनंती आहे. त्यांची उत्तरे शोधावयास स्कॉटलंडला जावे लागणार नाही. आपल्या गावातील ज्या बायांनी त्या अर्जावर सह्या केल्या, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.