हुकूमनामा मिळाला, पुढे काय? थकलेल्या रकमेची वसुली आणि कायदा

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावात सोयाबीन, तूर आणि हळद यांवर वर्षाचा संसार उभा असतो. माल उधारीवर जातो, बियाणे उधारीवर येते आणि हा सारा व्यवहार बहुधा शब्दावर चालतो. शब्द पाळला गेला नाही म्हणजे मात्र प्रकरण न्यायालयात जाते. अशा वेळी शेतकरी कधी धनको असतो, तर कधी ऋणको. म्हणून वसुलीचा कायदा त्याने दोन्ही बाजूंनी समजून घेणे हिताचे आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जापायी होणाऱ्या अटकेपासून संरक्षण देणारा कायदा झाला. परंतु तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता या भागास १९५१ साली लागू झाली आणि आज हुकूमनाम्याची अंमलबजावणी तिच्याच आधारे होते.

मुदतीचे महत्त्व

समजा, साखरा येथील एका शेतकऱ्याने एका व्यापाऱ्यास ६०,००० रुपयांची हळद उधारीवर दिली आणि पैसे आले नाहीत. उधारीची तारीख ठरली नसेल, तर माल दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल केला पाहिजे. हातउसन्या दिलेल्या रकमेसही सर्वसाधारणपणे कर्ज दिल्यापासून ३ वर्षांचीच मुदत आहे. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपल्या सहीने देणे लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. "दिवाळीला देतो" या शब्दावर तीन दिवाळ्या गेल्या, की हक्क असूनही दावा बुडतो.

दरखास्त

दावा जिंकल्यावर न्यायालय हुकूमनामा देते, पण त्यामुळे रक्कम आपोआप हाती येत नाही. त्यासाठी अंमलबजावणीचा स्वतंत्र अर्ज, म्हणजे दरखास्त, द्यावी लागते. तिची मुदत १२ वर्षे आहे. ऋणकोची मालमत्ता दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असल्यास हुकूमनामा तिकडे वर्ग करून घेता येतो.

दरखास्ती वर्षानुवर्षे पडून राहतात, ही जुनी तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि विलंब झाल्यास त्याची कारणे नोंदवावीत, असा निर्देश दिला. तरीही ऋणकोकडे काय मालमत्ता आहे, हे दाखविण्याचे काम मुख्यतः धनकोचेच असते. ती माहिती मिळत नसेल, तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. सातबारा उतारा आणि घराचा नमुना आठ आधीच मिळवून ठेवल्यास बराच वेळ वाचतो.

काय जप्त होत नाही

जप्तीचा बेलिफ दारात आला म्हणजे सर्वस्व गेले, ही समजूत चुकीची आहे. संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे न करावयाचे दागिने जप्त होत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, तसेच उपजीविकेसाठी न्यायालयास आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बी-बियाणे यांनाही संरक्षण आहे. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले घरही पैशाच्या साध्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. ते घर गहाण ठेवले असेल आणि गहाणाचीच वसुली असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. शेतजमिनीला अशी सरसकट सूट नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पगारदार ऋणकोच्या पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पगार १६,००० रुपये असेल, तर दरमहा ५,००० रुपयेच जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती २४ महिन्यांहून अधिक चालत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यास मात्र वेगळा नियम आहे.

अटक

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. रक्कम २,००० रुपयांहून अधिक नसेल, तर कोणासही दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. तिच्यापेक्षा मोठ्या रकमेसाठीही, ऐपत असून देणे टाळले किंवा मालमत्ता लपविली, असे दिसले पाहिजे. केवळ दारिद्र्यामुळे कोणासही तुरुंगात धाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र तुरुंगवास भोगला म्हणून कर्ज फिटत नाही.

पावतीविना दिलेला पैसा

ग्रामीण भागात सर्वाधिक नुकसान एका चुकीमुळे होते. हुकूमनाम्यानंतर ऋणको धनकोला हातोहात पैसे देतो आणि नोंद करीत नाही. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदविली गेली नाही, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती हिशेबात धरीत नाही, आणि तीच रक्कम पुन्हा भरण्याची पाळी येते. म्हणून रक्कम न्यायालयात भरावी, किंवा मनीऑर्डरने अथवा बँकेमार्फत द्यावी. हाती दिल्यास लेखी पावती घ्यावी आणि ३० दिवसांच्या आत नोंदीसाठी अर्ज करावा.

लिलाव आणि वारस

जमिनीच्या लिलावाची पाळी आली, तरी देणे भागेल तेवढाच भाग विकावयाचा असतो. खाजगी विक्रीने किंवा गहाणाने रक्कम उभी करण्यासाठी ऋणको लिलाव पुढे ढकलण्याची विनंती करू शकतो. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांच्या आत हुकूमनाम्याची रक्कम आणि खरेदीदारासाठी लिलावाच्या किंमतीच्या ५ टक्के रक्कम भरल्यास तो रद्द करून घेता येतो.

ऋणकोच्या मृत्यूनंतर वारस जबाबदार असतात, ते मृताकडून त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच. घरातील कर्ता गेल्यावर धनको दाराशी आला, तर विधवेने स्वतःच्या मजुरीतून किंवा स्त्रीधनातून ते कर्ज फेडलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. म्हणून नीट माहिती घेतल्याशिवाय तिने कोणत्याही नव्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये.

सावकार आणि सहकारी संस्था

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार कर्ज देतेवेळी परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही. परवानाधारकासही मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असल्यास, १५ वर्षांच्या मर्यादेत, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. सहकारी संस्थेची थकबाकी मात्र १९६० च्या अधिनियमातील कलम १०१ खालील वसुली दाखल्याने, दिवाणी दाव्याशिवाय, वसूल होऊ शकते. त्यामुळे निबंधकाची नोटीस आल्यावर हजर राहून हिशेब तपासणे अगत्याचे आहे.

तडजोडीचा मार्ग

दावा किंवा दरखास्त प्रलंबित असताना प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथील निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही. हप्ते ठरवून घेतल्यास धनकोला रक्कम मिळते आणि ऋणकोची जमीन वाचते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. समन्स किंवा नोटीस आल्यास ती घेण्याचे टाळू नये, कारण गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. ती घेऊन त्याच आठवड्यात सल्ला घ्यावा.