वळिवड्याची छावणी

निर्वासित म्हणजे ज्याचं घर सुटलं असा माणूस. १९४७ च्या फाळणीनंतर आपल्या नाशिकजवळ देवळालीला सिंधी निर्वासित आले. त्याआधी कोल्हापूरजवळ परदेशी निर्वासित आले होते. त्यांची हकीकत आज आपण वाचू.

पोलंड हा युरोपातला देश. १९३९ साली जर्मनी व रशिया यांनी तो वाटून घेतला. रशियाने तिथली लाखो माणसं घरातून उचलून सैबेरियाच्या थंडीत नेली. भुकेनं व आजारानं पुष्कळ मेली. पुढं सुटका झाली. पुरुष फौजेत गेले. बायका, मुलं व म्हातारी माणसं इराणमार्गे निघाली. त्यांतली काही इकडे आली.

१९४३ साली वळिवडे गावी त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं तिथं राहिली. दर कुटुंबाला खोली व चूल मिळाली. खर्चाला पैसे मिळत. काय आणायचं, काय रांधायचं, हे घरची बाई ठरवी. मुलांसाठी शाळा निघाल्या. शिकवायला त्यांच्यातल्याच बायका पुढं आल्या. लढाई संपल्यावर, १९४८ पर्यंत, ही माणसं निरनिराळ्या देशांत गेली.

भाकरी दिली, तर एक दिवस सरतो. चूल, पैसा व शाळा दिली, तर मोडलेलं घर उभं राहतं.

आपल्याकडेही पूर येतो, आग लागते, दंगल होते. मदत वाटताना आधी घरच्या बाईला विचारावं, ‘बाई, तुम्हांला काय हवं?’ यादीत तिचंही नाव घालावं. आणि बायांनो, आम्ही सांगतो, ती यादी स्वतः वाचा. मगच सही करा.

प्रश्न : तुमच्या घरी आलेल्या मदतीच्या यादीत कुणाचं नाव होतं?