पाटी अर्धीच का येते?

प्रश्न : हाँगकाँगमध्ये डबलडेकर बसचे फोटो काढले. बस झकास आली, पण वरच्या पाटीवरचा क्रमांक कुठे अर्धा, कुठे गायब. कॅमेरा बिघडला का? पुढच्या महिन्यात पुन्हा मुलीकडे जातेय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, कॅमेरा ठणठणीत आहे. एलईडी पाटी सतत पेटलेली नसते. सेकंदात शेकडो वेळा उघडझाप करते. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/५०० सेकंदाच्या शटरला विझलेले दिवे नेमके सापडतात. शटर १/६० वर आणा (मोबाइलमध्ये 'प्रो' मोड असतो). मग धावती बस पुसट येईल, म्हणून ती थांब्यावर असतानाच टिपा, दोन-चार फोटो सलग घ्या. जवळून मान वर करून काढलात तर बस मागे कलल्यासारखी दिसते. समोरच्या फुटपाथवरून काढा. फ्लॅश मात्र नको, चालकाचे डोळे दिपतात. फोटोच्या नादात रस्त्यावरही उतरू नका.

आणि १९०४ पासून धावणारी तिथली ट्राम चुकवू नका. तीही दुमजलीच आहे. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पकडा.