निंदणी यंत्राचें इंजिन वारंवार बंद पडतें तेव्हां

खानदेशांतील काळ्या जमिनींत पावसाची उघडीप मिळून वाफसा आला, म्हणजे निंदणी-कोळपणीस जे चार दिवस सांपडतात, त्यांवर कापसाचें वर्ष अवलंबून असतें. बैलजोडी व मजूर यांच्या तुटीमुळें जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत पेट्रोलवर चालणारीं लहान निंदणी यंत्रें पुष्कळ शेतकऱ्यांनीं घेतलीं आहेत. परंतु तीं ऐन कामांत बंद पडतात, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. त्याविषयीं आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेल्या आषाढांत आमचें यंत्र दर पंधरा मिनिटांनीं बंद पडूं लागलें. थोडें थांबावें, तों पुन्हां चालावें व पुन्हां बंद पडावें. दुरुस्तीच्या दुकानांत तें पांच मिनिटें उत्तम चाललें. तरी कार्बोरेटर बदलला गेला, आम्हीं पैसे मोजले, आणि शेतांत येतांच पूर्वीचीच रड! इतक्यांत पाऊस लागला, वाफसा गेला व गवत कापसाच्या वर आलें. अखेर दोष आमच्या सालदारास सांपडला. पेट्रोल पाहण्यासाठीं टाकीचें झांकण उघडलें, कीं यंत्र तत्काळ सुरू होतें, हें त्यानें हेरलें. झांकणांतील हवेचें बारीक छिद्र चिखलानें बुजलें होतें. टाकींतून जेवढें पेट्रोल उतरतें, तेवढी हवा वरून आंत शिरली पाहिजे. न शिरल्यास पेट्रोलची धार तुटते. दुकानांत झांकण नुकतेंच उघडलेलें असल्यानें दोष दिसला नाहीं.

महसूल खात्यांत आम्हीं उभा जन्म कारकुनी केली. तेथें पंचनामा झाल्यावांचून निकाल होत नाहीं. यंत्राचाही तसाच पंचनामा करावा. ऑटो नांवाच्या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं जें चार फेऱ्यांचें इंजिन सिद्ध केलें, त्याचेंच तत्त्व या यंत्रांत आहे. पेट्रोलमिश्रित हवा, तिच्यावरील दाब व वेळेवर पडणारी ठिणगी, या तिहींपैकीं एक तुटलें कीं इंजिन थांबतें. पुढील क्रमानें पाहावें :

१. यंत्र बंद पडतांच झांकण सैल करावें. लगेच चालू झाल्यास छिद्र साफ करावें.

२. न चालल्यास, यंत्र गरम असतांनाच ठिणगी पाहावी. झांकण घट्ट लावून, सांडलेलें पेट्रोल पुसून, एक जादा प्लग वायरच्या टोपींत बसवावा व इंजिनच्या लोखंडास टेकवून दोरी ओढावी. गरमपणीं ठिणगी नाहीं व निवाल्यावर आहे, तर बहुधा कॉइल दोषी असते.

३. ठिणगी चांगली असल्यास कार्बोरेटरच्या वाटींतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढावें. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषतें, व पाणी फार झाल्यास तळाशीं निराळा थर बसतो. असें पेट्रोल टाकून द्यावें. चोक ओढल्यावरच यंत्र चालत असेल, तर कार्बोरेटरचें छिद्र कचऱ्यानें तुंबलें आहे असें समजावें.

४. काळा धूर येऊन जोर कमी होत असेल, तर हवेची गाळणी धुळीनें भरलेली असते. स्पंजाची गाळणी साबणानें धुवून वाळवावी, कागदाची बदलावी.

५. चोपडा, शिरपूर भागांत सातपुड्याच्या पायथ्याशीं उताराचीं शेतें आहेत. कांहीं यंत्रांत ऑईल कमी होतांच ठिणगी तोडण्याची योजना असते. यंत्र केवळ उतारावरच बंद पडत असेल, तर तें सपाटीवर उभें करून ऑईल मोजावें.

पात्यांस हात लावण्यापूर्वीं प्लगची वायर काढावी. इंजिन गरम असतां पेट्रोल भरूं नये. हंगाम संपतांच टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

तात्पर्य, यंत्र किती वेळानें, कोठें व कशा रीतीनें बंद पडतें, हें वहींत टिपून मगच दुकानाची पायरी चढावी. आमचा वाफसा गेला तो गेला. वाचकांचा तरी जाऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु.