दुबई मिलेनियम

अरबांचे अश्वप्रेम जगप्रसिद्ध आहे. दुबईचे शेख मोहम्मद यांच्या पागेत 'याझर' नावाचे एक शिंगरू होते. त्याचा जन्म १९९६ सालचा. त्याची दौड पाहून शेखांनी त्याचे नाव बदलून 'दुबई मिलेनियम' असे ठेवले. २००० सालची दुबईची मोठी शर्यत हाच जिंकणार, अशी त्यांची खात्री होती. आणि झालेही तसेच! त्या मार्च महिन्यात त्याने इतर घोड्यांना सहा घोड्यांच्या लांबीइतके मागे टाकले. पुढे पायाचे हाड मोडले आणि त्याची दौड संपली. पण त्या दुखण्यातून तो बरा झाला.

२००१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात त्याला एकाएकी आतड्यांच्या रोगाने गाठले. हा रोग बहुधा कुरणात चरणाऱ्या तरुण घोड्यांनाच होतो. आतड्यांचे मज्जातंतू निकामी होतात व अन्न पुढे सरकत नाही. घोड्याला तर ओकारीही करता येत नाही! बिचाऱ्याने काय करावे? शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. धन्याजवळ द्रव्याला तोटा नव्हता, परंतु या रोगाच्या तीव्र रूपावर औषधच नव्हते. २९ एप्रिल रोजी त्या पाच वर्षांच्या उमद्या प्राण्याला वेदनांतून मुक्त करणे एवढेच पशुवैद्यांच्या हाती उरले.

त्याची शिंगरे पुढल्या वर्षी जन्मास आली. साठांच्या आतच ती. त्यांतील इतरांच्या मालकीची बरीच शेखांनी विकत घेतली. 'दुबावी' नावाचे एक तर पुढे फार नावारूपास आले. बापाला मात्र त्यांतील एकही पाहावयास मिळाले नाही.