पडद्यावरची लहर

अगं, काल फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला, म्हणून लिहायला बसले. लॅपटॉपचा ऑसिलोस्कोप करून बघताना तू माइकच्या जागी नऊ व्होल्टची बॅटरी जोडलीस, पडद्यावरची रेघ टुणकन उडाली आणि लगेच शून्यावर आली. तेवढ्यावरून लॅपटॉप जळला असं तू धरून बसलीस. जळलेलं नाही गं. साउंड कार्डाच्या तोंडाशीच कपॅसिटर असतो. तो स्थिर व्होल्टेज अडवतो, बदलतं तेवढंच आत सोडतो. बॅटरी मोजायला आपला मल्टिमीटरच बरा.

पण नऊ व्होल्ट थेट लावलेस, ते मात्र चुकलं. माइकची ती जागा मिलिव्होल्टची. आधी 100 किलोओहमचा रेझिस्टर घाल, त्याच्यापुढून 1 किलोओहमचा ग्राउंडला जोड, म्हणजे जेमतेम शंभरावा भाग आत जाईल. त्या छोट्या रेझिस्टरवर दोन 4148 डायोड उलटसुलट बसव. काही रुपयांचं काम आहे, पण लॅपटॉप वाचतो.

तुझ्या 555 टायमरच्या सर्किटची चौकोनी लहर तिरपी दिसली तर सर्किटला दोष देऊ नकोस. माथे उतरतात ते त्याच कपॅसिटरमुळे. लहर आपोआप लहानमोठी होत असेल, तर लॅपटॉपमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद कर; ती आवाजासाठी आहे, मोजमापासाठी नाही. आणि सेकंदाला 44,100 नमुने म्हणजे जास्तीत जास्त 20 हजार हर्ट्झपर्यंतच दिसणार. रेडिओच्या लहरी यात शोधत बसू नकोस.

एक गंमत करून बघ. चार्जर काढ, रेझिस्टर न लावलेली माइकची वायर घे आणि तिच्या मोकळ्या टोकाला बोट लाव. दर 20 मिलिसेकंदांनी तोच चढउतार दिसेल. ती घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. आपल्या येलदरीच्या धरणाखालची 7.5 मेगावॉटची तिन्ही जनित्रं चालू असली की याच तालावर फिरतात. लहानपणापासून पूर्णेचं पाणी बघतेस, आता त्याचा ताल बघ.

मात्र तो बघायला बोर्डात वायर घालायची नाही. 230 व्होल्ट म्हणतात, पण शिखर 325 पर्यंत जातं. लॅपटॉप तर जाईलच, तुलाही जबर शॉक बसेल. आईची शपथ घालते.

घाई नको. 555 ची लहर आली की फोटो पाठव. माथे उतरलेले असले तरी पाठव.