वसईचे दोन दिवस: नातीसाठी कानमंत्र

बाळा, फ्रान्समधल्या कार्कासोनचा कोट पाहून आलीस आणि फोनवर किती भरभरून बोललीस! तेव्हाच मनात आलं, आपल्या वसईचा कोट तू शाळेच्या सहलीत धावतपळत पाहिलास तेवढाच. दिवाळीत येशील तेव्हा एक शनिवार-रविवार राखून ठेव. माझ्या वडिलांनी मला दिलेले आणि मी पायांनी पारखलेले हे पाच कानमंत्र.

जागा तीनच धर. सोपारा, वसईचा किल्ला आणि अर्नाळा. निर्मळ, तुंगारेश्वर पुढच्या खेपेला. दहा ठिकाणं उरकलीस तर घरी नुसते फोटो येतात.

सुरुवात सोपाऱ्यापासून कर. आपल्या भागाचं वय तिथे कळतं. लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, ते टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो आधी बघून ये, म्हणजे ही जागा बोलू लागेल.

किल्ल्यात उजाडताच शीर. तीन सालं पाठ कर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. भुईदरवाजातून आत जाऊन दर्या दरवाजापर्यंत चाल. वाटेत पडकी चर्चेस आहेत, तशी नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळंही. गोन्सालो गार्सियाच्या नावाच्या चर्चपाशी थोडी थांब. हा वसईचा मुलगा १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. पाणी घरून ने, पायांत बंद बूट घाल. मनोऱ्यांचे जिने झिजलेत, वर चढू नकोस. दगडावर नाव कोरणारा कुणी दिसला तर त्याला नीट शब्दांत अडव.

अर्नाळ्याला आधी परतीचं विचार. बोटीतून उतरतानाच शेवटची बोट कितीची ते नावाड्याला विचारून घे. तरुणपणी मी विचारलं नाही आणि रात्र बेटावरच काढली. एका कोळणीने जेवू घातलं, पण घरी आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. बेटावर लोकांची घरं आहेत. अंगणात वाळत घातलेली मासळी ओलांडू नकोस, माणसांचा फोटो विचारूनच काढ. कोटाच्या आतलं अष्टकोनी तळं मात्र चुकवू नकोस. चहूकडे खारं पाणी असताना गोडं पाणी राखलं, म्हणून तिथे शिबंदी राहू शकली.

निरोप पाण्यावरून घे. सामानात आगाशीची सुकेळी ठेव. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ही गोडी परदेशापर्यंत टिकते. मग रविवारी संध्याकाळी वसईच्या धक्क्यावरून भाईंदरची रो-रो बोट पकड, वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेव. बोट खाडीत शिरली की मागे वळून पाहा. उल्हासचं मुख, समोरचा दर्या आणि मधे तट. या मुखातून आत-बाहेर जाणारं प्रत्येक गलबत त्या तटाच्या नजरेखालून जायचं. दोन दिवस आतून पाहिलेला किल्ला तिथेच का बांधला, ते त्या पाण्यावर तुला कुणी सांगावं लागणार नाही.